‘सोझा’जवळ चूक आहे : क्वेरी बिल्डरची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढच्या भागावर उडी मारतील, म्हणून आधीच सांगते. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी आजची गोष्ट कळेल. शाळेत वाक्यपृथक्करण केलं असलं म्हणजे पुरे.

२००३ साली मी बेळगावहून बेंगळुरूला आले. बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या मागच्या एका रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं सात, कॉम्प्युटर पाच. खाली फुलांची दुकानं, त्यामुळे जिन्यात सकाळी शेवंतीचा वास आणि संध्याकाळी कुजलेल्या शेवंतीचा. बेंगळुरूच्या सॉफ्टवेअरचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. आमच्यासारखी दुकानं मात्र बसवनगुडी, जयनगर भागात घरांच्या वरच्या मजल्यांवर होती. आता बसवनगुडीत मराठी माणसाला काय आपलं वाटणार, असं कुणी विचारलं तर मी एक गोष्ट नेहमी सांगते. कन्नडचे मोठे लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये याच भागात एक संस्था उभी केली आणि तिला नाव दिलं आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. ती अजून चालू आहे.

असो. आमचं एक गिऱ्हाईक होतं वसईकडची एक पतसंस्था. सभासद, बचत खाती, मुदत ठेवी, कर्जं, सगळ्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहिला होता. त्यातले ठेवींचे पडदे माझे. एका दुपारी तिथल्या कारकून काकांचा फोन आला.

“मॅडम, ठेवीची पावती निघत नाही. कॉम्प्युटर म्हणतोय, सोझाजवळ चूक आहे.”

“कोण सोझा, काका?”

“अहो, डिसोझा बाई. पण तो नुसतंच सोझा म्हणतोय.”

मी हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते, का ते पुढे येईल.

झालं होतं असं. देवनागरीत आपण डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा असं सलग लिहितो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचं नाव सगळीकडे तसंच सलग छापलं गेलं. पण इंग्रजी लिपीत ‘डी’ या अक्षरानंतर वर एक छोटा फराटा येतो, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. पोर्तुगीज ‘दे’चं ते आखडलेलं रूप. आमचा प्रोग्रॅम इंग्रजीत होता, त्यामुळे फराटा आला. आणि डेटाबेसच्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, नेमकं तेच चिन्ह ‘इथे मजकूर सुरू’ आणि ‘इथे मजकूर संपला’ हे सांगायला वापरतात. मी प्रोग्रॅममध्ये वाक्याचे तुकडे एकमेकांना चिकटवत होते: ‘ठेवींच्या टेबलात टाक, नाव आहे’, मग एक चिन्ह, मग सभासदाचं नाव, मग पुन्हा चिन्ह. पाटील, नाईक, डाबरे असेपर्यंत ठीक. डिसोझा आल्या की ‘डी’च्या पुढच्या फराट्याला डेटाबेसने समजायचं की नाव संपलं. उरलेलं ‘सोझा’ त्याला आज्ञेचा भाग वाटायचा. असली आज्ञा त्याच्या व्याकरणात नाही. म्हणून सोझाजवळ चूक.

ही चूक माझी एकटीची नव्हती. जगभरचे प्रोग्रॅमर ती त्याच आठवड्यात करत होते आणि आजही करतात. आज आपण बघायचंय ते हे की मुळात ही वेळ आली कशी. त्यासाठी तीस वर्षं मागे जाऊ.

१९७० च्या जूनमध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, ती कशी शोधायची ते यंत्राला ठरवू द्या, माणसाने फक्त काय हवं ते सांगावं, असा त्याचा सारांश. कल्पना सुंदर, पण त्यातली गणिती चिन्हं पाहून सामान्य माणूस दूर पळाला असता. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी ती माणसांत आणायचं ठरवलं. त्यांची पहिली भाषा ‘स्क्वेअर’. तिच्यात अक्षरांच्या खाली बारीक अक्षरं लिहावी लागत, आणि ती कीबोर्डवर टाइप कशी करायची हाच प्रश्न होता. मग त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांची भाषा केली. तिचं नाव ‘सीक्वेल’, साल १९७४. एका ब्रिटिश विमान कंपनीचा त्या नावावर हक्क निघाला म्हणून पुढे ते एसक्यूएल झालं. बॉइस त्याच वर्षी, ऐन तारुण्यात, अचानक वारला. आज जगात पैशाचे असंख्य व्यवहार ज्या भाषेतून जातात, तिचं यश तिच्या दोन जनकांपैकी एकाने पाहिलंच नाही.

त्या दोघांनी ही भाषा कुणासाठी केली, हे नीट लक्षात घ्या. त्यांच्या १९७४ च्या निबंधात ते स्पष्ट लिहिलंय: हिशेबनीस, अभियंते, वास्तुविशारद, नगररचनाकार. कॉम्प्युटर हा ज्यांचा धंदा नाही, पण चार शब्द शिकायची ज्यांची तयारी आहे, अशी माणसं. एसक्यूएल माणसाने हाताने टाइप करावी म्हणून जन्माला आली. म्हणूनच तिचं वाक्य इंग्रजीसारखं वाचता येतं: अमुक रकाने निवड, अमुक टेबलातून, जिथे अमुक अट लागू आहे.

आणि झालं काय? हिशेबनीस काही टर्मिनलसमोर बसून वाक्यं लिहायला लागले नाहीत. त्यांच्यासमोर फॉर्म आला, बटण आलं. वाक्य लिहायचं काम त्या बटणामागच्या प्रोग्रॅमवर पडलं. माणसासाठी केलेली भाषा यंत्र बोलायला लागलं. इथे माझं मत सांगते, पटलं तर घ्या. पुढच्या पन्नास वर्षांतल्या सगळ्या भानगडी या एका पलटीतून निघालेल्या आहेत.

आयबीएमच्या लोकांना हे दिसलं नव्हतं असं मात्र नाही. त्यांनी सत्तरीच्या दशकात ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रायोगिक डेटाबेस बांधला. त्यात कोबोल आणि पीएल-वन या भाषांच्या प्रोग्रॅममध्ये एसक्यूएलची वाक्यं थेट लिहायची सोय होती. प्रोग्रॅम तयार होतानाच ती तपासली जायची. जिथे वाक्य आधी ठाऊक नसेल, तिथे दोन वेगळ्या आज्ञा होत्या, ‘प्रिपेअर’ आणि ‘एक्झिक्यूट’. आधी वाक्याचा साचा द्यायचा, मग त्यातल्या किमती वेगळ्या पुरवायच्या. म्हणजे डिसोझा बाईंचं औषध त्या काळीच कपाटात होतं.

हे औषध कसं काम करतं ते तुम्हाला तहसील कचेरीच्या उदाहरणाने सांगते. छापील अर्ज असतो. त्यात नावासाठी रिकामी ओळ. त्या ओळीत तुम्ही काहीही लिहा, ‘वरील सर्व मजकूर रद्द’ असं लिहा, तरी छापील मजकूर बदलत नाही. कारकून म्हणेल, विचित्र नाव आहे बुवा, आणि पुढे जाईल. याउलट अर्ज कोऱ्या कागदावर तुम्हीच सांगायचा आणि समोरच्याने जसाच्या तसा लिहून घ्यायचा, असं असेल तर तुमचं नाव कुठे संपलं आणि अर्ज कुठे सुरू झाला हे त्याला कळणारच नाही. छापील अर्ज म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. कोरा कागद म्हणजे माझा ठेवींचा पडदा.

पुढचा काळ भराभर सांगते. १९७९ मध्ये ओरॅकलने बाजारात विकला जाणारा पहिला एसक्यूएल डेटाबेस आणला. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये जागतिक पातळीवर भाषेचं प्रमाणीकरण झालं. नव्वदीत कुठल्याही प्रोग्रॅमने कुठल्याही डेटाबेसशी बोलावं म्हणून मधले पूल बांधले गेले: १९९२ चा ओडीबीसी, १९९४ चा पर्लचा डीबीआय, १९९७ चा जेडीबीसी. या पुलांवरून वाक्य जायचं ते मजकूर म्हणून, अक्षरांची माळ म्हणून. साच्याची सोय तिथेही होती, पण सक्ती नव्हती. तेवढ्यात वेब आलं. १९९५ मध्ये पीएचपी आणि मायएसक्यूएल ही जोडी आली, फुकट आली, आणि आमच्यासारख्या सात माणसांच्या दुकानांना जग खुलं झालं. मायएसक्यूएलमध्ये मात्र साच्याची सोय आली ती २००४ च्या ४.१ या आवृत्तीत. २००३ मध्ये मी पतसंस्थेचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा ती माझ्या हाताशी नव्हतीच. हा बचाव नाही. नसेल तर चिन्ह दुप्पट करून घालायचा नियम होता, तो मी पाळायला हवा होता.

त्यावर पीएचपीने एक तोडगा काढला होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचं नाव ‘मॅजिक कोट्स’. फॉर्ममधून जे काही येईल त्यातल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी पीएचपी आपणहून एक तिरपी रेघ घालायचं, म्हणजे डेटाबेस फसणार नाही. नवख्यांचं भलं व्हावं हा हेतू. परिणाम असा की कुठे रेघ दोनदा पडायची आणि लोकांच्या नावांत कचरा साठायचा. कुठे रेघ पडायचीच नाही, कारण माहिती फॉर्ममधून न येता डेटाबेसमधूनच वाचलेली असायची. माझं नेमकं हेच झालं होतं. डिसोझा बाईंची सभासद म्हणून नोंद बिनबोभाट झाली, कारण ती फॉर्ममधून आली. ठेव ठेवताना माझ्या प्रोग्रॅमने त्यांचं नाव सभासदांच्या टेबलातून उचललं आणि ठेवींच्या वाक्यात चिकटवलं. तिथे जादू नव्हती. पीएचपीवाल्यांनी पुढे ही जादू चूक म्हणून मान्य केली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढून टाकली.

हा फराटा नुसता त्रासदायक नाही, धोकादायक आहे, हे तोवर जगजाहीर झालं होतं. १९९८ च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल याने टोपणनावाने लेख लिहून दाखवलं की नावाच्या रकान्यात मुद्दाम फराटा टाकून पुढे स्वतःची आज्ञा लिहिता येते आणि डेटाबेस ती मुकाट पाळतो. पुढे याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणायला लागले. डिसोझा बाई नकळत जे करत होत्या, ते कुणी जाणूनबुजून करू लागलं. अमेरिकेतल्या आल्बर्ट गोन्झालेस आणि त्याच्या साथीदारांनी याच वाटेने कंपन्यांमध्ये शिरून तेरा कोटींवर कार्डांचे आकडे पळवले. २०१० मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये टॉकटॉक या फोन कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला. सतरा वर्षं जुना, उपाय ठाऊक असलेला रोग.

आता तुम्ही विचाराल, साचा हाच उपाय होता तर मग क्वेरी बिल्डर कशाला? प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा आणि सुखी व्हा. इथेच खरी गंमत आहे.

पतसंस्थेच्या त्याच प्रोग्रॅममध्ये शोधाचा एक पडदा होता. नाव, गाव, ठेवीचा प्रकार, या तारखेपासून, त्या तारखेपर्यंत, इतक्या रकमेच्या वर, वारसदार, शाखा. आठ रकाने. माणूस यातला एक भरेल, तीन भरेल, किंवा एकही भरणार नाही. छापील अर्ज किती छापणार? आठ रकान्यांच्या भरलं-न भरलंच्या जोड्या होतात २५६. शिवाय निकाल नावाने लावायचा की तारखेने, हे वेगळंच. साचा फक्त किमतींचं रक्षण करतो. इथे वाक्याचा सांगाडाच दर वेळी वेगळा होतो. टेबलाचं नाव, रकान्याचं नाव, क्रम चढता की उतरता, या गोष्टी रिकाम्या ओळीत भरता येत नाहीत, कारण त्या छापील भागातल्या.

मग आम्ही काय करायचो? तुकडे चिकटवायचो. नाव भरलंय? मग ‘आणि नाव अमुक’ चिकटव. गाव भरलंय? ‘आणि गाव तमुक’ चिकटव. पण पहिल्या अटीच्या आधी ‘आणि’ नको. पहिली अट कोणती ठरेल ते माहीत नाही. त्यावर प्रोग्रॅमर जमातीने एक सार्वत्रिक जुगाड शोधला. अटींची सुरुवातच ‘जिथे एक बरोबर एक’ अशी करायची. एक बरोबर एक हे नेहमी खरंच, त्याने काही बिघडत नाही, आणि पुढच्या प्रत्येक अटीआधी बिनधास्त ‘आणि’ लावता येतो. ऐकणाऱ्यांपैकी जे या धंद्यात आहेत ते आता हसत असतील. हे वाक्य मी बेंगळुरूत पाहिलंय, पुण्यात पाहिलंय, आणि न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने परवा दाखवलेल्या प्रोग्रॅममध्येही पाहिलंय.

क्वेरी बिल्डर हा या जुगाडावरचा रीतसर इलाज. त्याची कल्पना कळायला वाक्यपृथक्करण आठवा. गुरुजी फळ्यावर वाक्य लिहायचे आणि आपण तक्ता आखायचो: उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, विधेय, विधेयविस्तार. वाक्याचे अवयव सुटे करून चौकटींत बसवायचे. क्वेरी बिल्डर हेच उलट्या बाजूने करतो. तुम्ही त्याला वाक्य देतच नाही. तुम्ही चौकटी भरता. टेबल कोणतं, एक चौकट. रकाने कोणते, दुसरी. अटींची एक यादी, तिच्यात हवं तेव्हा भर घाला. क्रमाची एक चौकट. प्रोग्रॅम पळत असताना हे सगळं झाडासारखं सुटं राहतं आणि वाक्य अगदी शेवटी, डेटाबेसकडे पाठवायच्या क्षणी तयार होतं. ‘आणि’ कुठे लागेल, कंस कुठे पडेल, हे तो बघतो. अट एकही नसेल तर ‘जिथे’ हा शब्दच येत नाही. किमती वाक्यात मिसळतच नाहीत, त्यांची वेगळी यादी साच्याबरोबर जाते. डिसोझा बाई सुखरूप.

आणखी एक फायदा. प्रमाणीकरण झालं तरी प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी राहिली. पहिल्या दहा ओळी हव्यात तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस म्हणतात ‘लिमिट’, मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस म्हणतो ‘टॉप’, जुना ओरॅकल म्हणायचा ‘रोनम’. मालवणी, वऱ्हाडी आणि आमची बेळगावी म्हणा ना. चौकटी एकच, बोली शेवटी निवडायची.

ही कल्पना कुणा एकाची नाही. पर्लच्या लोकांनी नव्वदीच्या अखेरीपासून असले प्रयोग केले. जावामध्ये २००१ ला आलेल्या हायबरनेटमध्ये अटी वस्तूंसारख्या जोडायची सोय झाली. पण माझ्या आठवणीतलं वर्ष म्हणजे २००६. फेब्रुवारीत माइक बायर याने पायथॉनसाठी एसक्यूएल-अल्केमी प्रसिद्ध केली. माझ्या मते या प्रकारातली ती आजवरची सर्वांत विचारपूर्वक केलेली लायब्ररी. एसक्यूएल लपवण्याऐवजी तिने एसक्यूएलचं व्याकरणच पायथॉनच्या वस्तूंमध्ये मांडलं. त्याच महिन्यात पीएचपीसाठी कोडइग्नायटर आलं. भारतातल्या लहान दुकानांनी ते उचलून धरलं, आमच्याही. त्यातल्या क्वेरी बांधणाऱ्या भागाचं नाव होतं ‘अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड’, जे चुकीचं होतं, कारण त्या नावाचा नमुना वेगळाच. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी प्रांजळपणे नाव बदललं आणि ‘क्वेरी बिल्डर’ केलं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिंक आणलं आणि क्वेरी थेट प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच घातली. त्यात त्यांनी चेंबरलिन-बॉइसचा क्रम उलटा केला: आधी टेबल, मग रकाने. कारण साधं. टेबल कोणतं हेच माहीत नसेल तर संपादक रकान्यांची नावं सुचवणार कशी? माणसाला इंग्रजीसारखं वाचता यावं म्हणून १९७४ मध्ये ठरवलेला क्रम यंत्राच्या सोयीसाठी २००७ मध्ये बदलला गेला. पुढे रेल्ससाठी एरेल, जावासाठी लुकास एडरचं जूक, लाराव्हेल, नोडसाठी कनेक्स अशी रांगच लागली.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. २०१४ च्या १५ ऑक्टोबरला ड्रुपल या वेबसाइट बांधायच्या प्रणालीने एक सूचना काढली. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत क्वेरी सुरक्षितपणे बांधण्यासाठी लिहिलेल्या थरातच भोक सापडलं होतं. ‘गाव या यादीपैकी एक’ अशी अट असली की तो थर यादीतल्या प्रत्येक गावासाठी एकेक रिकामी जागा तयार करायचा आणि त्या जागेला नाव द्यायचा. नाव द्यायला तो यादीतल्या खुणा वापरायचा, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. पण पीएचपीमध्ये फॉर्म पाठवणाऱ्याला या खुणाही ठरवता येतात. गावाच्या नावाला कुलूप लावलं होतं, कुलपावरचं लेबल मात्र गिऱ्हाइकाच्या हातात दिलं होतं. ते लेबल जसंच्या तसं वाक्यात जायचं. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या लोकांनी जाहीर केलं की सूचना निघाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं. आपल्याकडे त्या तासांत बरेच लोक झोपलेले होते.

शिवाय बहुतेक बिल्डरना एक मागचं दार असतं, अनेकदा ‘रॉ’ नावाचं. जे चौकटीत बसत नाही ते कच्चं लिहा म्हणून. दार हवंच, कारण एसक्यूएल मोठी भाषा आहे आणि कुठलीच लायब्ररी ती सगळी मावून घेत नाही. पण घाईच्या वेळी सगळे त्याच दाराने ये-जा करतात.

बिल्डरमुळे आलेला दुसरा त्रास वेगाचा. क्वेरी करणं इतकं सोपं झालं की लोक ती चक्रात घालू लागले. हजार सभासदांची यादी आणायची आणि मग प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी करून त्याच्या ठेवी आणायच्या. एका वाक्यात होणाऱ्या कामाला एक हजार एक वाक्यं. या बाबतीत उत्तम काम आपल्या पवईला झालंय. आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन, ज्यांचं नाव डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकावर अनेक इंजिनिअरांनी वाचलेलं असतं, त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर या उलट दिशेच्या प्रश्नावर काम केलं. प्रोग्रॅममधलं चक्र वाचायचं आणि त्याच्या जागी बसणारं एकच एसक्यूएल वाक्य यंत्राने आपणहून शोधायचं. २००८ पासून २०१६ पर्यंत त्यांचे निबंध जागतिक परिषदांमध्ये आले. आधी माणसाने एसक्यूएल टाळून प्रोग्रॅम लिहायचा, मग दुसऱ्या प्रोग्रॅमने त्यातून एसक्यूएल परत काढायची. चेंबरलिन यांना हे वाचून काय वाटलं असेल, कुणास ठाऊक.

मला मुलं विचारतात, बिल्डर येतो, मग एसक्यूएल शिकू का? शिका बाबांनो. बिल्डर तुमचं वाक्य व्याकरणशुद्ध करून देईल. ते वाक्य मुळात विचारायचं होतं का, हे तो सांगत नाही.

आता मी हसले त्याबद्दल. फोन आला त्या दिवशी मी काकांना म्हटलं, दोन दिवसांत दुरुस्ती पाठवते. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. काका थांबणारे नव्हते, काउंटरवर माणसं उभी होती. त्यांनी आपला मार्ग काढला. डिसोझा बाईंची पुन्हा एकदा सभासद म्हणून नोंद केली, या वेळी फराट्याशिवाय, सलग. ठेव त्या नव्या क्रमांकावर ठेवली. पावती निघाली. असं त्यांनी इतर काही सभासदांचंही केलं. मला कळवलं नाही, आणि मी विचारलं नाही. नंतर मी दुरुस्ती पाठवली, चिन्ह दुप्पट करणारी एक ओळ, आणि विसरून गेले.

२००५ मध्ये त्या बाई वारल्या. मुलगा कागद घेऊन पतसंस्थेत आला. कागदांवर नाव फराट्यासकट. शोधाच्या पडद्यावर, माझ्याच त्या आठ रकान्यांच्या पडद्यावर, त्या नावाने बचत खातं निघालं, ठेव निघाली नाही. तोवर ते काका निवृत्त झालेले. मुलाकडे पावती होती म्हणून ठेव अखेर सापडली. पण पावतीवरचं नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव वेगळं, वारसदाराची नोंद दुसऱ्याच क्रमांकावर. प्रतिज्ञापत्र झालं, संचालक मंडळाच्या दोन सभा झाल्या. पैसे हातात पडायला आठ महिने लागले. हे मला कळलं ते संस्थेने आम्हाला दुबार सभासद शोधून द्यायला सांगितलं तेव्हा.

ते काम मी बसवनगुडीतल्या त्याच ऑफिसात केलं. कार्तिकातला शेवटचा सोमवार होता, खाली बुल टेम्पल रोडवर शेंगांची जत्रा भरलेली, कडलेकाई परिषे म्हणतात तिला. सगळं ऑफिस जत्रेत आणि मी वर बसून जोड्या लावत होते. फराट्यासह एक, फराट्याशिवाय एक. कुठे फराट्याच्या जागी मोकळी जागा, कुठे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं उलटं चिन्ह. काकांनी प्रत्येक वेळी वेगळा उपाय केला होता. एकेचाळीस जोड्या निघाल्या. शेंगा मात्र कुणीतरी वर आणून दिल्या, उकडलेल्या.

पुढच्या वर्षी आम्ही सगळा प्रोग्रॅम कोडइग्नायटरवर हलवला आणि शोधाचा पडदा मी बिल्डरने पुन्हा लिहिला. दोनशे ओळींच्या साठ झाल्या आणि ‘एक बरोबर एक’ गेलं. तेव्हापासून कुठल्याही नव्या प्रोग्रॅमच्या चाचणीला मी जी नमुन्याची माहिती भरते, तिच्यात पहिली सभासद डिसोझा असते, इंग्रजीत, फराट्यासकट. दुसरा असतो कुणी पाटील, त्याचं गाव मी रिकामं ठेवते.